क्रमांक बत्तीस

६ जून

आलो एकदाच्या! दोन ट्रंका, एक गादी आणि वाटभर 'अजून किती लांब' असं विचारून माझं डोकं खाणारी आमची चिमणी. कायमची नोकरी मिळाली की गावही लगेच आवडायला लागतं, हे खरं असलं तरी शाळा चांगलीच आहे. चार खोल्या, भिंतींना ताजा चुना, छप्पर तेवढं जरा वाकलंय. आमचं घर रस्त्यापलीकडे, शाळेच्या अगदी समोर. घरमालकीण शिवणकाम करते. तिने आल्या आल्या चिमणीच्या फ्रॉकची उसवलेली बाही शिवून दिली, आणि आमच्या बाईसाहेब तिला मावशी म्हणून मोकळ्या झाल्या.

मोठे मास्तर निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे. त्यांनी सरकारची नवी मोहीम समजावून सांगितली. जुलैचा अख्खा महिना ज्या शाळेत एकही मूल गैरहजर राहणार नाही, तिला नवं छप्पर, पुस्तकं आणि आणखी एक शिक्षक. नाहीतर शाळा बंद, आणि पोरांनी दोन तास चालत नदीपलीकडच्या शाळेत जायचं. मला मोहीम पटली. वर बसून कोणीतरी या पोरांचा विचार करतंय, हेच किती झालं. चिमणीचे बाबा गेल्यापासून आज पहिल्यांदा मी पुढच्या वर्षाचे बेत केले.

९ जून

पटावर एकतीस मुलं होती, चिमणी बत्तिसावी. इथे हजेरी नावाने नाही, क्रमांकाने घेतात. आकडा उच्चारायचा, पोराने 'हजर' म्हणायचं, मी खूण करायची. बत्तीस वेळा 'हजर' आलं. डोकी मोजली तर तेवीस! मला हसूच आलं. एकमेकांची हजेरी लावणारी पोरं काय मी आज पाहतेय? आम्हीही कमी दिवे लावले नव्हते. कोण आवाज काढतंय ते सांगा म्हटलं, तर सगळी खाली मान घालून बसली.

मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, उत्तर आलं ना, मग खूण करा, मोजत बसू नका.

मागचे तीन बाक रिकामे असून पोरं पुढे एकेका बाकावर चार-चार जण कोंबून बसतात. एकीला मागे बस म्हटलं तर रडायलाच लागली. हट्टी आहेत जरा. सुधारतील.

१८ जून

इथले पालक फारच जागरूक. मुलाचं पोट दुखत असलं तरी बाप घंटेआधी येऊन सांगून जातो, आणि मी 'गैरहजर' लिहीपर्यंत दारातून हलत नाही. आधीच्या गावात पोरं महिना-महिना गायब असायची, कोणी विचारायचं नाही. मी कौतुक केलं तर त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

मावशी रोज हजेरीच्या वेळी वर्गाच्या खिडकीखाली उभी असते. हातात सुईदोरा तसाच. अकरा नंबर झाला की निघून जाते. तिच्या घरी तर मूलबाळ दिसत नाही. एकटीचा वेळ जात नसेल बिचारीचा.

संध्याकाळी मला म्हणाली, "बाई, पोर घरी असेल तर गैरहजरच लावा. कोणी काही सांगू दे."

का, ते विचारलं तर दोरा दाताने तोडला आणि मशीन चालवायला लागली.

११ जुलै

दहा दिवस पूर्ण, एकही गैरहजर नाही. पण बघवत नाही. तापलेली पोरं शालीत गुंडाळून, पाठुंगळीला घेऊन आणतात. मी म्हटलं, घरी ठेवा हो, एवढं काय अडलंय. तर एक आई घाईने म्हणाली, नको, खरोखरच आणलेलं बरं. 'खरोखरच' म्हणजे काय?

फळ्याकडे वळून लिहीत असताना पाठीमागे पाट्या सरकल्याचा आवाज आला. मागच्या बाकांवरून. रिकाम्या बाकांवर धुळीचा कणही नाही. तिथे झाडू कोण मारतं, ते शिपायाला विचारलं. तो म्हणाला, मी त्या बाजूला जात नाही.

३० जुलै

चिमणी रात्रीपासून तापाने फणफणली आहे. डॉक्टर म्हणाले, हिला अंथरुणातून हलवायचं नाही. मावशी तिच्या उशाशी बसली आणि निघताना माझा हात घट्ट धरून तेच म्हणाली, गैरहजर लावा.

शाळेत मोहिमेच्या तपासणीला साहेब आले होते. एकोणतीस दिवस पूर्ण भरलेले, आजचा आणि उद्याचा उरलेला. मास्तरांनी हजेरीपुस्तक माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, तुमची मुलगी आहे, तुम्हीच ठरवा. एका खुणेवर सगळ्यांचं छप्पर आहे.

एका खुणेने काय बिघडतं? मी खूण केली. मग साहेबांसमोर आकडे उच्चारत गेले, आणि सवयीने तोंडातून बत्तीस निघून गेलं.

मागच्या बाकावरून 'हजर' आलं. चिमणीच्या आवाजात. नाक चोंदलेलं, तसंच.

मी धावत घरी गेले. अंथरूण गरम होतं, पण रिकामं. मावशी ओली घडी हातात धरून बसलेली. ती एवढंच म्हणाली, "लावलीत ना?"

३१ जुलै

रात्रभर शोधलं. विहीर, नदी, सगळं. चौकीवर गेले. त्यांनी शाळेतून पुस्तक मागवून पाहिलं. मुलगी काल हजर आहे, सही तुमचीच आहे, मग हरवली कशी, असं विचारलं.

मावशीने आज सांगितलं. तिची लेक चार वर्षांपूर्वी आजोळी गेली होती. तेव्हाही अशीच एक मोहीम होती, म्हणून इकडे तिला हजर लावलं. आजोळी ती अंगणात खेळत होती, आणि मग नव्हती. अकरा नंबर.

शाळेला प्रमाणपत्र मिळालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या उरलेल्या बावीस जणांच्याच नव्हत्या.

४ ऑगस्ट

मागच्या बाकावर काही दिसत नाही. हात फिरवला. लाकूड कोमट आहे. तिचा आवाज फक्त हजेरीला येतो. दिवसातून एक शब्द.

मास्तरांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना. हो म्हणाले. चार नंबर त्यांचा मुलगा. अकरा वर्षं झाली त्याला जाऊन. मी त्यांची कॉलर धरली. त्यांनी सोडवूनही घेतली नाही.

"शाळा बंद झाली असती तर त्याला हाक कोणी मारली असती, बाई?"

मी त्यांना शिव्या दिल्या. मग वर्गात गेले आणि हजेरी घेतली. बत्तीस हा आकडा तीनदा उच्चारला.

९ ऑगस्ट

आज तिला गैरहजर लावलं. वाटलं, घरी येईल.

आली नाही. बत्तीस म्हटलं तर वर्गात नुसती शांतता. घरातही शांतता. दिवसभर कुठेच नव्हती ती. आईनेच —

१० ऑगस्ट

पुन्हा हजर लावलं. आवाज आला. पण लांबून. बाकावरून नाही, भिंतीच्या आतून. आणि रडून घसा बसलेला. काल कुठे होती, माझं बाळ, काल कुठे —

मोठ्या कचेरीत अर्ज केला. नोंद चुकली म्हटलं. कारकुनाने चहा दिला. हजेरी कमी करण्याची तरतूद नाही म्हणाला.

२२ ऑगस्ट

नवा हुकूम आला. मोहीम संपली. हजेरीवर भर देऊन शिक्षण सुधारत नाही, असं वर लक्षात आलंय. आता फक्त निकाल. उद्यापासून हजेरी घ्यायची नाही, यंत्र मोजेल. यंत्र हाक मारत नाही. हजेरीपुस्तकं परवा जमा करायची, ती जाळणार.

मास्तर पायरीवर बसून आहेत. मावशीला मी सांगितलं. ती मशीनवर डोकं ठेवून बसली आहे. छप्पर अजून आलेलं नाही.

२३ ऑगस्ट

रात्री पुस्तक घरी आणलं होतं. बत्तीसच्या खाली एक ओळ आखली. तेहतीस. माझं नाव, वय. मास्तर म्हणाले, आज शेवटची हजेरी ते घेतील, हुकूम गेला खड्ड्यात. मी म्हटलं, मला हजर लावा. मी शाळेत येणार नाही. घरीच बसेन. खोटी हजेरी लागली पाहिजे.

त्यांनी मान डोलावली.

दार लावलंय. खिडकी उघडी. समोरून सगळं ऐकू येतंय. तिथे गेल्यावर ती भेटेल का, माहीत नाही. अंधारात सगळी शेजारी-शेजारी असतात की एकेकटी, कोणी सांगू शकत नाही. पण ती रडतेय. मग घरी बसून मी काय करू.

घंटा झाली.

चार. मास्तर थांबले. पुढे गेले.

अकरा. मावशी खिडकीखाली —

एकोणतीस. तीस. एकतीस.

बत्तीस. आवाज नाही. पुन्हा बत्तीस. नाही — नाही, आला. अगदी बारीक. थांब, आले मी, हे बघ आलेच —

तेहतीस.

काहीच झालं नाही. मी इथेच आहे. खुर्चीत. लिहितेय. फसलं सगळं. मास्तर पुन्हा म्हणताहेत, तेहतीस — आणि तिकडून, वर्गातून, माझ्याच आवाजात कोणीतरी —