खंडेनवमीला घेतलेली टमटम

बाबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून तुमच्या हयातीत कधी पत्र लिहिलं नाही. आता ती अडचण उरली नाही. तुमची भट्टी विझून वीसहून जास्त वर्षं झाली. त्या जागेवर एका भुसाऱ्याची वखार आहे, आणि ऐरण होती तिथे उंदीर मारायचे सापळे लावतात. तुमचा मुलगा कल्याणच्या मामलेदार कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो आणि उरलेल्या वेळात ठाण्याच्या एका साप्ताहिकात लोकांची टर उडवतो. दोन्ही कामांत खोटं लागतं, दुसऱ्यात ते जरा नीट लिहावं लागतं एवढंच. गावातल्या एकाही शहाण्याला मी सोडलेलं नाही. विलायती जोडे घालून देवळाच्या पायरीवर ते कुठे काढावेत या काळजीने दर्शन न घेता परत फिरणारे, चार इंग्रजी शब्द शिकून ते बायकोवर चालवणारे, साहेबाने टाकून दिलेली खुर्ची दिवाणखान्यात मांडून तिच्यावर कोणाला बसू न देणारे, सगळे माझ्या लेखात येऊन गेले. माझ्या समोरून जाताना लोक चालही बदलतात. आणि मी, तुमचा मुलगा, कल्याणच्या उत्तम लोहाराचा एकुलता एक मुलगा, गंजलेली गाडी विकत घेतली.

गाडी म्हणजे टमटम. तीही साधी नव्हे, शर्यतीची. रेल्वेकडच्या एका गोऱ्या इंजिनेराची. तो ठाण्याच्या मैदानावर ती पळवायचा आणि बाकीचे गोरे टोप्या उडवायचे. दोन उंच चाकं, बोटभर जाडीचे आरे, मागे कललेली बैठक, खाली धक्के झेलणाऱ्या विलायती कमानी. इतकी हलकी की घोडा लावायच्या आधी दांड्या मी एका हाताने उचलून बघितल्या. साहेब मायदेशी गेला तेव्हा ती त्याने ठाण्याच्या एका मिठागरवाल्याकडे टाकली, आणि मिठागरवाल्याने तीन पावसाळे ती खाडीकाठच्या उघड्या छपराखाली ठेवली. स्वस्त मिळाली. इतकी स्वस्त की किंमत ऐकताच तुम्ही हातोडी शोधायला लागला असतात. मला हिचा उपयोग काय, हे विचारू नका. कचेरी माझ्या घरापासून शंभर पावलांवर आहे. पण दर दसऱ्याला गावातला प्रत्येक टिनपाट सीमोल्लंघनाला वाहनातून जातो, आणि मी त्यांच्या चाकांची धूळ खात, मनात त्यांच्यावर लेख रचत पायी जातो. यंदा मला लेख नको होता. धूळ उडवायची होती.

खाडीकडच्या लोखंडाबद्दल तुम्ही काय म्हणायचात ते मी विसरलो नव्हतो. मिठागरावरची गाडी भट्टीवर आली की आधी तुम्ही बैल सोडायला लावायचात, मग आडवे होऊन गाडीखाली शिरायचात आणि लहान हातोडीने दोन चाकांमधला आस वाजवत जायचात, कान जवळ नेऊन, एखाद्या वैद्यासारखे. निरोगी लोखंड लांब वाजतं, आतून खाल्लेलं मडक्यासारखं बसकं बोलतं. हे ज्ञान मला बाराव्या वर्षापासून आहे. म्हणून खिशात हातोडी घालूनच मी ठाण्याला गेलो. फक्त दिवस चुकला. तो दिवस खंडेनवमीचा होता.

मिठागरवाल्याच्या अंगणात सगळी हत्यारं धुऊन मांडलेली. फावडी, कुदळी, कोयते, आणि त्यांच्या शेवटी माझी टमटम. आसापासून कमानींपर्यंत हळदीकुंकवाचा लेप, झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे. इतकी पूजा मी देवाचीही झालेली पाहिली नाही. मी हातोडी काढली.

"ह्ये काय?" मिठागरवाला म्हणाला.

"जरा वाजवून बघतो."

"आज? पुजलेल्या लोखंडाला घाव घालनार? खंडेनवमी हाय, ह्ये लोहाराच्या पोराला मी सांगू?"

"मग नुसतं पुसून बघतो."

"पुसा की. आमच्या बायांनी सकाळपासून उपाशी ऱ्हाऊन पुजलीय. त्यांच्यासमोर पुसा."

बाया दारातच उभ्या होत्या. मी म्हटलं, परवा येतो. तो म्हणाला, "या ना, परवा या. पर उद्या दसरा. तुमच्या कल्यानचा तो नवा वकील बघून गेलाय. उद्या त्याच्या दारात दिसली तर माझ्या नावानं बोंब नका मारू."

त्या माणसाबद्दल मला तिरस्कार आहे, पण त्यात थोडा आदरही मिसळावा लागतो. माझा बाप कोण हे त्याने चौकशी करून ठेवलं होतं. या दिवशी तुम्ही घणावर फूल ठेवून भिंतीला टेकून बसायचात. एकदा मामलेदाराचा शिपाई चाकाची निखळलेली लोखंडी धाव घेऊन आला, तर त्याला पाणी दिलंत, पान दिलंत आणि उद्या ये म्हणालात. तो दरडावायला लागला तेव्हा तुम्ही त्याला दुसरं पान दिलंत. मी यातलं काहीच मानत नाही. पुजलेल्या हत्यारांवर मी तीन लेख लिहिलेत, तिन्ही गाजले. आणि त्या अंगणात, चार उपाशी बायांसमोर, मी हातोडी परत खिशात घातली. तुमची श्रद्धा त्याने माझ्यावर चालवली आणि ती चालली. याहून मोठा मूर्ख मी आजवर छापलेला नाही.

दसऱ्याला धूळ उडाली, ते कबूल करतो. भाड्याचं तट्टू होतं, पण टमटम खरी होती. वकील रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होता, तोंड उघडं. मला फार बरं वाटलं. मग दोन दिवसांनी बायको गाडी धुवायला बसली. कमानीखाली हात घालून घासता घासता म्हणाली, "अहो, हे कुंकू जात का नाही?"

"चिंच लाव," मी आतून म्हणालो.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाहेर या जरा."

तिने उलथणं आणून आसाला टोचलं होतं. भाकरीचे पापुद्रे सुटावेत तसं लोखंड सुटून तिच्या मांडीवर पडलं होतं. तिने एक पापुद्रा उचलून मला दाखवला. "लोहाराच्या घरात जन्म तुमचा की माझा?" एवढंच म्हणाली आणि उलथणं धुवायला गेली. मी हातोडी आणून आस वाजवला. कशाला, ते माहीत नाही. मडकं ते मडकंच.

तुम्ही असता तर आस काढून फेकला असतात. मी गंज झाकायला कोळशाची पूड डांबरात कालवली आणि रविवारी दार लावून गाडीखाली शिरलो. हात कसे चालले म्हणून सांगू. तीस वर्षांत विसरले नव्हते. तिथे पडल्या पडल्या मी पुन्हा बारा वर्षांचा आहे, तुम्ही मला एका बैलगाडीच्या आसाची भेग जोडायला सांगितली आहे, मला खाडीवर पोहायला जायचं आहे, आणि मी भेगेत मेण भरून वर काजळी फासतो. तुम्ही येता, नखाने एकदा खरवडता. मारत नाही. मला गाडीवर बसवता, बैल जुंपता आणि शहाडच्या नदीपर्यंत नेऊन परत आणता. तुम्ही शेजारून चालता. मी दोन्ही हातांनी फळी धरून प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटतो. आस टिकतो. भट्टीशी उतरल्यावर मी जरा ऐटीत बघतो तुमच्याकडे, तर तुम्ही म्हणता, "मोडला नाही म्हणून तू खरा नाही ठरत." दुसऱ्या महिन्यात मला शाळेत घातलंत. जुन्या कानशीचा चाकू करून दिलात, बोरू तासायला. "तुझी जीभ घणापेक्षा जड आहे, तिचंच काहीतरी कर," म्हणालात. मी ते कौतुक समजलो. पुष्कळ वर्षं समजत होतो.

आता वकिलाचं सांगतो. हा आमच्याच आळीत समोर राहतो. बंद पडलेलं घड्याळ दर घटकेला काढून बघतो आणि घाई करतो. बायकोला सहावा महिना आहे. तिला माहेरी पोचवायची आहे, शहाडला नदीकाठी, आणि सासऱ्याच्या दारात बैलगाडीतून उतरायची त्याला लाज वाटते. परवा टमटम विकत घ्यायला आला, तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, काळ्या रंगावर हात फिरवला आणि म्हणाला, "काका, मी तपासत नाही. तुमच्या वडिलांच्या हाताखालून गेलेल्या माणसाने घेतलेली गाडी. तिच्यात मी काय बघणार?"

हे तो मनापासून म्हणाला, हाच त्याचा दोष. लबाड असता तर मला सोपं गेलं असतं.

काल संध्याकाळी गाडी त्याच्या हवाली केली. आळी अरुंद, म्हणून वळवायला रेल्वेच्या फाटकापर्यंत ओढत नेत होतो, तो एका दांडीला, मी दुसऱ्या. मी त्याला सांगितलं, बाबा. शब्दन्‌शब्द सांगितलं: आस आतून गेलेला आहे, बदलल्याशिवाय माणूस बसवू नका. तेव्हा फाटकातून मालगाडी जात होती. ती येताना मी लांबून पाहिली होती, आणि तोपर्यंत बोललो नव्हतो. त्याने हसून मान डोलावली. मालगाडी गेल्यावर मी पुन्हा काही म्हणालो नाही. तो म्हणाला, "हो हो, नक्की," आणि घड्याळ काढून बघितलं.

रात्रभर स्वतःला समजावलं की सांगितलं म्हणजे सांगितलं. इतका भिकार युक्तिवाद मी पैसे घेऊनही अर्जात घालत नाही. गाडी परत घ्यायला माझी काही ना नाही. पण ती परत घ्यायची म्हणजे त्याच्या ओसरीवर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, की लोहाराच्या मुलाला गंज आणि कुंकू यांत फरक कळला नाही, आणि कळल्यावर त्याने डांबर फासलं. उद्यापर्यंत हे खाडीच्या पल्याड पोचेल. ज्यांना मी इतकी वर्षं हसलो ते सगळे हसतील, आणि माझ्याहून वाईट हसतील, कारण त्यांना सवय नाही. वकिलाची बायको मला दिसते, पदर पोटावरून नीट घेऊन बैठकीवर चढताना. आणि तरी माझ्या डोळ्यांपुढे आधी येते ती हसणारी आळी. असा माणूस तयार झालाय तुमच्या भट्टीवर.

दुपार कलली. समोरच्या घरातून पेटी बाहेर काढल्याचा आवाज आला. नंतर कोणीतरी म्हणालं, "जपून हं, उशी घे पाठीला." घोडाही आणलाय, त्याच्या गळ्यातले घुंगरू ऐकू येतायत. पागोटं मी केव्हाच घातलंय, जोडे पायांत आहेत, दार उघडं आहे. पत्र तुमच्या आठवणीने लिहायला बसलो असं कुठे म्हटलं नाही, ते बरं झालं. लिहीत असेपर्यंत उठावं लागत नाही, एवढ्यासाठी लिहीत होतो. उठतो.