खाडीवर भरती आहे

३ जुलै
आले सुरतला. बमरोलीत खोली मिळाली, खिडकीतून खाडी दिसते. समुद्राला भरती आली की खाडी उलटी फिरते आणि वस्तीत शिरते, दरवर्षी जास्तच. लोकांना वेळेत बाहेर काढायचं, हे ऑफिसने दिलेलं माझं काम. एकदम एक्सायटेड आहे. घरमालकीण मंगलाबाई धुळ्याकडच्या. माझं बोलणं ऐकून हसल्या, अहिराणीत म्हणाल्या, पोरी, तुनी मराठी बी इंग्रजीच शे. त्यांचा मुलगा वाल्मिक, लूम बंद पडल्यापासून घरी. मला ताई म्हणतो. खाडीजवळच्या खांबावर भोंगा त्यानेच बसवून दिला.

६ जुलै
सूचना माझ्याच आवाजात रेकॉर्ड केली. 'खाडीवर मोठी भरती आहे. आधार कार्ड घ्या. लवकर बाहेर या.' छोटी आणि क्लिअर. सगळ्यांनी शाळेत जमायचं, हे मीटिंगमध्ये सांगितलंय. मीटिंगला चारच बायका होत्या, पण ठीक आहे.

९ जुलै
आज वाजवली. घरं भराभर रिकामी झाली, मी खूश. शाळेत कोणीच नाही. सगळे खाडीच्या काठावर रांग लावून, हातात आधार कार्ड. भरती म्हणजे खाडीकाठच्या मिलमध्ये नोकरभरती, असं समजले. पाणी चढत होतं. मी ओरडत धावले. बाकीचे मागे फिरले. वाल्मिक रांगेत सगळ्यात पुढे होता.

१२ जुलै
वाल्मिक सापडला नाही. मंगलाबाई रडत नाहीत. शेजारणीला सांगतात, पोरगा लागला कामाला. मी भोंग्याची वायर काढून आणली.

१५ जुलै
सकाळी भोंगा वाजला. वायर माझ्या बॅगेत आहे. आवाज माझाच. शेवटी एक वाक्य जास्त, जागा अजून आहेत. हे मी बोलले नव्हते.

१६ जुलै
लोक जातायत. हात धरून अडवते, तर म्हणतात, मॅडम, तुम्हीच तर बोलावताय. ऑफिसला फोन केला. ते म्हणाले, रिस्पॉन्स छान आहे, चालू ठेव.

१७ जुलै
मंगलाबाई पण गेल्या. वाल्मिकचा डबा घेऊन. मी दारात आडवी उभी राहिले, त्यांनी फक्त बाजूला केलं—

१८ जुलै
पाणी जिन्यावर. भोंगा आता नावं घेतोय, एकेकाचं. माझ्या आवाजात, अहिराणीत. मला अहिराणी येत नाही—

समोरची बाई निघाली, कडेवर बाळ. खिडकीतून ओरडले, जाऊ नका. तोंड उघडलं, पण आवाजच— बाहेर भोंग्यातून आला. लवकर या, लवक—