दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची

प्रिय आई,

तुला जाऊन बरीच वर्षं झाली आणि पत्र आज लिहितोय, कारण आज जिन्यात माझी चोरी पकडली गेली. चोरी मूळची तुझी आहे!

गणपतीच्या आधी मला हार्ट अटॅक आला गं. आता बरा आहे, पण हृदयाचं पंपिंग थोडं कमी आहे म्हणतात. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, आणि दम लागला की थांबायचं, सांगायचं. घाटकोपरच्या आपल्या बिल्डिंगला अजून लिफ्ट नाही. आपला चौथा मजला तोच.

तुझ्या सुनेनं, वैशालीनं, पहिल्याच दिवशी बजावलं, "दोन-दोन कालवणं करणार नाही मी. तू खाशील तेच सगळे खाणार." तुझी नात तन्वी अळणी सोलकढीचा घोट घेऊन म्हणाली, "बाबा, आजारी तू आहेस की ही कढी?" पण पितेय मुकाट्यानं. त्यांनी एवढं केल्यावर अजून दम लागतो हे कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून मी सांगतच नव्हतो.

आज भाजीची पिशवी घेऊन चढताना दुसऱ्या मजल्यावर श्वास पुरेना. नेहमीसारखा फोन कानाला लावला आणि "हां, बोला, बोला" सुरू केलं. तर तो कानातच खणखणला! वैशालीचा होता. मागून तन्वी येत होती. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती रडायला लागली.

समोरच्या दारात सावंतकाकी. म्हणाल्या, "तुझी आवस पण हयसरच थांबायची रे. आज निस्त्याक काय गो, म्हणान विचारायची. उत्तर कोणाक व्हया होता? तिका दम खायचो होतो."

आई! आम्ही तुला गप्पिष्ट म्हणायचो गं. वर भात निवायचा आणि तू खाली काकींच्या कालवणाची चौकशी करत उभी. बाबा चिडवायचे, "हिला चौथ्या मजल्यावर यायला मुक्काम लागतात." तूही हसायचीस. का? एकदा तरी बोलायचंस ना!

आम्ही तुला बाजारात जाऊ दिलं नसतं, ही भीती ना? हो, नसतंच दिलं. बांगडे तुला स्वतः निवडून आणायचे असत. मलाही पिशवी कुणाच्या हातात द्यायची नाहीये, म्हणून आज कळतंय. तरी तुझ्यावरचा राग जात नाही. तू अजून असायला हवी होतीस.

संध्याकाळी दोघींना बसवून सगळं सांगितलं. वैशाली चिकार बोलली, मी ऐकून घेतलं. मग तिनं घडीची खुर्ची उचलली आणि काकींच्या दाराशी नेऊन ठेवली. बाजार मीच आणणार, पण थोडा थोडा.

तेव्हा आई, शब्द देतो. दम लागला की दम लागला म्हणेन, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं. आणि काकींना निस्त्याक काय ते रोज विचारेन, पण खुर्चीत बसून, उत्तर ऐकायला.

तुझाच,
संजू