माळावर बसलेली माणसं

सोमवार
पोचले एकदाची गडमाळला! एसटी किल्ल्याच्या जुन्या वेशीतूनच गावात शिरते. किल्ल्यामागे तलाव आणि पलीकडे काळविटांचं अभयारण्य, नजर जाईल तिथवर पिवळं गवत. आईचं आजारपण, मग तिचं दिवसकार्य. दोन वर्षांत नीट पाठ टेकलेली आठवत नाही. अमरेशनं, माझ्या धाकट्या भावानंच ही खोली ठरवली. म्हणाला, ताई, नुसती पडून राहा, शनिवारी गाडी घेऊन न्यायला येतो. घरमालकीण मायाक्कांनी कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही वाढलं. पोटभर जेवले आणि दुपारीच झोपले.

मंगळवार
सकाळी तलावात होडीतून फिरले, मग माळ तुडवला. काळविटांचा कळप उड्या मारत गेला. ऊन चढल्यावर एका बाभळीखाली कुणी बाई पाठमोरी बसलेली दिसली. आसपास दगड, गार सावली. मीही टेकले. ती बोलली नाही, मीही नाही. किती बरं वाटलं! कुणाला औषध द्यायचं नाही, कुणाची हाक नाही. जराशीच बसले असेन, पण उठले तेव्हा ऊन उतरलं होतं.
मायाक्कांनी दारातच विचारलं, "माळावर कुटं बसला न्हाय न्हवं तुमी?" त्यांचे डोळे इतके घाबरे होते, की मी नाही म्हणून गेले.

बुधवार
पाय उचलत नाहीत. गुडघ्यांत वाळू भरल्यासारखी. शेवटी मायाक्कांना खरं सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या.
"आमचं मालक तितंच हायती," म्हणाल्या. "मेंढरांमागं दमलं, सावलीला बसलं. आमी हाताला धरून लई वडलं, उटलंच न्हाईत. आता वळखू बी येत न्हाईत. तुमी आजच्या आज जावा."
उद्या जाईन म्हटलं. स्टँडपर्यंत चालायचंसुद्धा जिवावर आलंय.

गुरुवार
बॅग घेऊन स्टँडकडेच निघाले होते. पाय माळाकडे वळले. मायाक्का हात धरून रडत होत्या. मीच तो सोडवला.
बाभळीखाली टेकले. आज त्या बाईचा चेहरा पाहिला. दगड. डोळ्यांच्या जागी नुसते खळगे. शेजारच्या दगडांनाही — खांदे आहेत. मांडी घातलेले गुडघे आहेत.

शुक्रवार
भूक नाही. तहान नाही. मायाक्का लांबूनच हाका मारतात. कमरेखाली काही कळत नाही. वाईटही वाटत नाही — त्याचीच भीती वाटते —

शनिवार
अमरेश आला. मायाक्कांनी पाठवलं असणार. धावतच आला. ताई, चल ना, म्हणतो. ओढतो. मी हलत नाही. रात्रपाळी करून तसाच आलाय, डोळे लाल — धापा टाकतोय —
जीभ वळत नाही. हात तेवढा चालतो. त्याला ही वही दाखवायचीय — तो बघतच नाही — घाम पुसतोय. म्हणतो, थांब, जरा टेकतो, मग उचलूनच नेतो तुला —
नको अमू बसू न