तहानेचं वचन माझ्याकडे

६ मार्च, रविवार
उपासनेनंतर कमिटी बसली. नळाला आठव्या दिवशी पाणी, तेही तासभर. चर्चच्या बोअरला मात्र अजून आहे. ठराव: फक्त मंडळीतल्या घरांना, घरटी दोन हंडे. फाटकाची किल्ली माझ्याकडे, कारण घर शेजारी आणि मी रिटायर्ड. हात मीही वर केला, कबूल.

१२ मार्च
मागच्या माळावर प्लॉट पाडलेत, तिथं पिशोरकडच्या धनगरांची पालं पडलीत. त्यांतली भामाबाई फाटकाशी. "येक हंडा द्या बाई. सासरा आजारी हाय, खदानीचं पाणी त्येला सोसंना." कमिटीला विचारते म्हणाले. कटवलंच. पेलाभर दिलं. अर्धं प्यायली, उरलेलं म्हाताऱ्याला नेलं. पेला राखेनं घासून परत.

१३ मार्च, रविवार
कमिटी होती. ईस्टरच्या रंगरंगोटीवर वाद पेटला, मग जेवायची वेळ झाली. विचारलं नाही.

२० मार्च, झावळ्यांचा रविवार
उत्तम शुक्रवारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात वचनांवर सात जण बोलतात, ती वाटली. बायकांना दरवर्षी तिसरं, आईचं. यंदा पाळकसाहेबांनी मला पाचवं दिलं, तहानेचं: ‘मला तहान लागली आहे.’ खूश! चार पानं लिहून काढली.
संध्याकाळी भामाबाई. "इचारलं का वो?" विचारलंय म्हणाले, उत्तर यायचंय. धडधडीत खोटं. लाज वाटली, पण मग तिसऱ्या पानावरची एक ओळ सुधारत बसले.

२५ मार्च, उत्तम शुक्रवार
नऊ मिनिटं बोलले. बायका रडल्या. पाळकसाहेब म्हणाले, "हृदयातून बोललात."
बाहेर आले तर भामाबाई, रिकामे हंडे घेऊन.
"म्हातारं गेलं सकाळी. जुलाबानं. आंघोळ घालायचीय त्येला. आता तरी द्या."
कुलूप उघडलं. मोटर मीच लावली. स्वतःची किळस आली.

२६ मार्च
सहापासून फाटक उघडं. सगळी पालं आली. दुपारी बोअरनं गढूळ ओकलं, मग नुसती हवा. आमच्याच मंडळीतल्या सरोजबाई, ऐंशीच्या, एकट्या, रिकामा हंडा घेऊन परत गेल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.
पाळकसाहेब: "भावना समजते बाई. पण आपल्या माणसांचं काय?"

२७ मार्च, ईस्टर
शेवटच्या बाकावर बसले. बोअरला पहाटे थोडं जमलंय, दहाएक हंडे. कमिटीनं उद्या नऊला किल्ली मागितली.
दुपारी पालावर गेले. भामाबाईला सांगून टाकलं की मी कमिटीला कधी विचारलंच नव्हतं.
ती मेंढराच्या पायातला काटा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ठावं व्हतं."
काटा काढून तिनं मेंढरू सोडलं.
"उद्या फाटक उघडं असंल का, तेवढं सांगा."
किल्ली कमरेलाच होती. तोंडातून निघालं, "बघते."