एकोणिसावा माणूस

बुधवार, २ एप्रिल

ठराव लिहून टाकला! ‘टारनूक फुटबॉल क्लबने पुढच्या हंगामापासून बीलबा क्लबमध्ये विलीन व्हावे.’ मांडणार — ग्लेनिस ट्रेझीज, म्हणजे मीच. सभा १ मेला. गेल्या वर्षी एकही सामना जिंकला नाही. आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलला एका बाजूला लागतात ती अठरा माणसं उभी करता आली नाहीत, दोनदा तर सोळांवर भागवलं. बीलबाकडे माणसं आहेत, मैदानावर दिवे आहेत. भावनेवर क्लब चालत नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, एवढं तर मला कळतं.

डार्सीने ठराव वाचला. अर्धा चहा तसाच ठेवून गेला. पोटचा मुलगा आणि क्लबचा कप्तान एकच, त्यामुळे दोघेही एकदम रुसले.

गुरुवार, ३ एप्रिल

सरावाला गेले. माणसं मोजली. एकवीस! पुन्हा मोजली. एकवीसच.

नवा एक आहे, मानासे. टोंगा बेटांवरून आलेला. सिम्पसनांच्या डुकरांच्या फार्मवर कामाला लागलाय. एवढा उंच की कपडे बदलायच्या खोलीत वाकून शिरतो. प्रशिक्षक रोलोला विचारलं, कुठून पैदा केलास?

‘बाई, त्याच्याकडे वायरिंगला गेलो होतो. गडी स्टुलाशिवाय बल्ब बदलत होता. तिथेच सही घेतली.’

(रोलो इयत्ता नववीत माझ्या हाताखाली होता. सबंध गाव मला ‘बाई’च म्हणतं. मला चालतं.)

शुक्रवार, ४ एप्रिल

ब्रेड आणायला डॉटच्या बेकरीत. तिथे हंगामाचा निकाल लागून गेलेला!

‘यंदा पहिल्या चारांत,’ डॉट म्हणाली.

‘डॉट, अजून एकही सामना झालेला नाही.’

‘म्हणून तर एकही हरलेलो नाही!’

काउंटरपुढचे सगळे हसले. मीट-पाईचा ट्रे घेऊन उभा असलेला पोस्टमनसुद्धा. म्हटलं, हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. डॉट म्हणाली, ‘मेंढी तर मेंढी. पण ठराव मांडणारी मेंढी नाही मी.’ आणि ब्रेड जरा जोरातच ठेवला माझ्यापुढे.

शनिवार, ५ एप्रिल

जिंकलो.

जिंकलो!! नऊ गुणांनी. मधल्या खांबांतून गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून एकच, आणि आमचे अर्धे चेंडू फटीतूनच गेले. तरी जिंकलो. मैदानाभोवती लावलेल्या गाड्यांनी एवढे हॉर्न वाजवले की डॉटची बॅटरी बसली. ढकलून सुरू केली. मीही ढकलली.

खरी गंमत आत झाली. जिंकल्यावर हातात हात घालून, रिंगण करून क्लबचं गाणं म्हणायचं. रिंगण झालं आणि सगळे गप्प! नव्या पोरांना शब्दच येईनात. येणार कसे? कधी म्हणायची वेळच आली नव्हती! मग मी दारात उभी राहून एकेक ओळ सांगितली, शुद्धलेखन घालावं तशी. ते मागून. मानासेचा आवाज पार छपरापर्यंत.

मी स्वतः म्हटलं नाही. फक्त सांगितलं. फरक आहे.

मंगळवार, ८ एप्रिल

टपाल कचेरीत, दवाखान्यात, पेट्रोल पंपावर तोच विषय. मानासेने उडी मारून चेंडू किती वर झेलला? सोमवारी दोन मीटर होता. आज तीन झाला. शुक्रवारपर्यंत विमानं वळवावी लागतील.

शनिवार, १२ एप्रिल

परक्या मैदानावर. धूळ. उलटा वारा. जिंकलो पुन्हा!

माझी जागा राखीव बाकापाशी, चुन्याच्या रेषेवर. काम साधं. बदलताना बाहेर येणाऱ्याने रेषा ओलांडल्याशिवाय आत जाणाऱ्याला सोडायचं नाही. मैदानात अठराच. इतक्या वर्षांत एकदाही चुकले नाही. रेषेवर उभं राहून मी टाळ्याही वाजवत नाही. आज शेवटच्या मिनिटाला डार्सीने चेंडू अडवला तेव्हा पेन दातांत धरलं. मोडलं. निळी शाई हनुवटीवर. परतताना सबंध बस माझ्याकडे बघून हसत होती, मला वाटलं आनंदात आहेत.

रविवार, २० एप्रिल

ईस्टर. सामना नाही. कोकराची तंगडी, पुदिन्याची चटणी. डार्सी आला. सकाळभर पेरणी केली होती, भुवयांत माती तशीच. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर बोलला.

‘आई, ठराव मागे घे.’

‘दोन सामने म्हणजे पुरावा नव्हे.’

‘मग किती म्हणजे पुरावा?’

हा प्रश्न पोरं फळ्यापाशी विचारायची तेव्हा मी उत्तर द्यायची. आज तोंडातून निघून गेलं — ‘बीलबाला हरवा. मग मागे घेते.’

उठून त्याने माझ्या डोक्यावर ओठ टेकले. कितीतरी दिवसांनी! भांडीही घासली.

हे काय बोलून बसले मी? बीलबाला आम्ही शेवटचं हरवलं तेव्हा डार्सीला मिशी नव्हती.

शुक्रवार, २५ एप्रिल

युद्धात गेलेल्यांचा स्मृतिदिन. पहाटे स्मारकापाशी सगळं गाव. बिगुल. नंतरच्या शांततेत कोणीतरी कानाशी — ‘उद्या वारा कुठून असेल गं?’ डॉटच! डोळे वटारले मी.

उत्तरेकडून, एवढं मात्र सांगितलं.

शनिवार, २६ एप्रिल

क्रमाने लिहिते.

बीलबा आमच्या मैदानावर. कुंपणाभोवती गाड्यांची दुहेरी रांग, एवढी माणसं मी शेवटची पाहिली तेव्हा मैदानाला लाकडी कुंपण होतं. चार डावांतला तिसरा संपत आलेला. आम्ही अठ्ठावन्न, ते एक्केचाळीस! मानासे दम खायला बाहेर, बाकावर. आणि डार्सीला मिळाला चेंडू. लांब, फारच लांब. मी मनात म्हटलं, मूर्खा, पुढे दे. त्याने नाही दिला. मारला. चेंडू वर गेला, आडवा फिरला, वाटलं बाजूला जातो, आणि मधल्या खांबांमधून आरपार! पंचाने दोन्ही झेंडे फडकवले. आता चौसष्ट!

त्यानंतर काय झालं ते मला नीट माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. रोलो ओरडला, मानासे आत! मानासेने मला विचारलं, ‘जाऊ?’ मी म्हटलं, ‘जा! जा!’ त्याच्या बदली बाहेर यायचा तो टली, तो अजून तिथेच, डार्सीच्या पाठीवर चढून बसलेला.

मिनिटभराने बीलबाच्या कप्तानाने हात वर केला. शिरगणती मागितली.

नियम इथे शेंबड्या पोरालाही पाठ. अठराच्या जागी एकोणीस सापडले तर तोवरचे सगळे गुण रद्द. पाठ आहे, पण घडताना कोणी पाहिला नव्हता. पंचांनी आमच्या पोरांना मैदानाच्या मधोमध एका ओळीत उभं केलं. बोट दाखवत मोजलं. सबंध मैदान सोबत मोजत होतं, मोठ्याने. ‘सतरा… अठरा…’ आणि शेवटी मानासे. त्याच्याकडे बोट दाखवायला पंचाला मान वर करावी लागली.

एकोणीस.

गुणफलकावरचे पत्र्याचे आकडे खाली आले. शून्य लावलं. ते लावताना खिळ्याचा आवाजसुद्धा ऐकू आला.

बीलबाचे अध्यक्ष मर्व अ‍ॅस्प्लिन माझ्याजवळ आले. ‘नियम तो नियम, ग्लेनिस.’ म्हटलं, मला शिकवू नका.

आणि मग! शून्यावरून! पोरं अशी सुटली की विचारू नका. सहा, बारा, अठरा… मानासेच्या दोन्ही खांद्यांवर बीलबाची माणसं लोंबकळत होती आणि तो तसाच पळत होता. डॉटचा आवाज बसला तर तिने ट्रेवर चिमटा बडवायला घेतला. एकावन्न केले आम्ही! त्यांचे झाले चोपन्न. शेवटचा भोंगा झाला तेव्हा चेंडू हवेत होता. बाजूच्या खांबाला लागला.

तीन गुणांनी हरलो. हरलो, आणि गाड्यांचे हॉर्न थांबेनात.

रविवार, २७ एप्रिल

डार्सी दारातच उभा राहिला. आत आला नाही.

‘आई, एकदाच विचारतो. मुद्दाम सोडलास त्याला?’

‘चूक झाली.’

‘तुझी? मोजण्यात?’

उत्तर होतं. ते या तोंडाने देता येईना.

सोमवार, २८ एप्रिल

बेकरीत शिरले तशी बडबड बंद. डॉटने ब्रेड गुंडाळला. ‘आणखी काही, मिसेस ट्रेझीज?’ मिसेस ट्रेझीज! शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही.

कोणी तोंडावर बोलत नाही, पण सगळ्यांचा हिशेब सरळ आहे. ठराव बाईंचा. बीलबाला हरवलं तर तो मागे घ्यायचा, हेही आता गावाला कळलंय. आणि रेषेवरही बाईच. सबंध गावाला पाढे शिकवणाऱ्या बाईंना अठरापर्यंत मोजता येत नाही, हे कोण मानेल?

मीही मानलं नसतं.

बुधवार, ३० एप्रिल

गप्प राहिले तर ठराव पडतोच. कोणी माझं तोंड बघणार नाही, पण मान ताठ राहील. खरं सांगितलं तर हसतील. चौथीतल्या पोरांपासून सगळे. मी आयुष्यात कधी हसू होऊ दिलेलं नाही.

शाळेत कोणी म्हटलं असतं ‘बाई, हसतील’, तर काय सांगितलं असतं मी? उभा राहा आणि सांग.

गुरुवार, १ मे

सभा. खुर्च्या कमी पडल्या, पोरं खिडक्यांत बसली. डार्सी मागे भिंतीला टेकून, हाताची घडी. ठराव वाचायला मला पुढे बोलावलं. कागद उघडला, परत मिटला.

म्हटलं, आधी शनिवारचं. मी मानासेला मुद्दाम आत सोडलं नाही. मी मोजत नव्हते.

‘मग काय करत होतात, बाई?’ रोलो.

‘उडी मारत होते.’

रोलोने कान पुढे केला. ‘काय मारत होतात?’

‘उडी! गोल झाला म्हणून. एक उडी मारली.’

आणि मागच्या कोपऱ्यातून, अगदी आदराने, मानासे — ‘दोन, बाई. दुसरी माझ्या पायावर.’

काय हशा झाला! खिडकीतला एक बाहेर पडला. डॉट टेबलावर डोकं ठेवून हसत होती की रडत होती, देव जाणे. मानासेला कोणी ओरडून विचारलं, मग चार दिवस गप्प का बसलास रे? तो म्हणाला, ‘मोठ्या बाईंची उडी. त्यांनी सांगायची. मी कशी सांगू?’

मग डॉट उठली. आवाज अजून बसलेला. ‘हा क्लब बुडवायचाय तो का, तर आपल्याकडे माणसं नाहीत म्हणून. आणि शनिवारी आपल्याला शिक्षा कसली झाली? माणूस जास्त झाला म्हणून!’

मत घेतलं. बाजूने एकही हात नाही. विरोधात सगळे. माझाही, आणि कोपरापासून सरळ.

डार्सी घरी सोडायला आला. त्याने गाडी सुरू केली. मग म्हणाला, ‘आई, किती उंच मारलीस?’ म्हटलं, रस्त्याकडे बघ.

शुक्रवार, २ मे

सकाळीच मर्व अ‍ॅस्प्लिन यांचा फोन. अभिनंदन म्हणाले.

‘ग्लेनिस, उद्या आमच्याकडे तेराच आहेत. तुमच्याशी कसेबसे अठरा उभे केले, त्यात दोघं माझे जावई. कप्तान आमचा म्हणूनच रोज मोजत असतो, आपलीच माणसं.’ मग म्हणाले, ‘तो तुझा ठराव. फाडला नसशील तर… नावांची अदलाबदल करून चालेल का बघ.’

म्हटलं, मर्व, आधी चहाला या.

फोन ठेवला. चहाबरोबर खायचे स्कोन लावलेत भट्टीत. जरा जास्तच लावलेत. एकटे यायचे नाहीत ते.