कानापासून कानापर्यंत

माय, तुझा नातू आता बसायला लागला आहे. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. जन्मला तेव्हाच त्याचं डोकं लांबट होतं, कपाळ पुढे आलेलं, मधोमध बोटाला लागणारी हाडाची कड. सासूबाई रोज तेल चोळायच्या, म्हणायच्या, "गोल होते आपोआप." मी बोट फिरवलं आणि समजले. बाळाच्या डोक्याची हाडं सुटी असतात म्हणून मेंदूला वाढायला जागा मिळते. याची, माझ्यासारखीच, आधीच जुळून बसली होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. घुग्घुसला परतल्यावर तुझा जावई जेवेना. "एवढ्याशा लेकराचं डोक्सं कापू द्याचं? मले नाई जमत." मी चुलीपाशीच वेणी सोडली, केस बाजूला केले आणि त्यांचं बोट धरून कानापासून कानापर्यंत व्रणावरून नेलं. तोवर मी तो त्यांना कधी नीट पाहू दिला नव्हता. "मी मेली काय?" म्हटलं. ते रडले, मग जेवले.

आठवीत मी हाच व्रण झाकायला ओढणीने डोकं बांधून शाळेला निघाले होते. तू आंगणात धान पाखडत होतीस. "झाकून राह्यली काऊन? चोरी केली काय?" म्हणत तू ओढणी ओढून घेतलीस. मी दिवसभर अबोला धरला. घरचे सगळे "पोरगी आहे, राहू दे" म्हणत असताना तू मला कडेवर घेऊन ऑपरेशनसाठी कुरखेड्याहून एकटी नागपूरला गेली होतीस, हे तू कधी सांगितलं नाहीस. ते मावशीने सांगितलं, तू गेल्यावर.

ऑपरेशनच्या दिवशी खोलीच्या दाराबाहेर मी बसले आहे. शेजारी कुणीतरी चहा आणून ठेवतं, तो निवून जातो. तूही अशीच बसली असशील, आणि तुझ्याजवळ तर कुणीच नव्हतं. दार उघडतं. पट्टी बांधलेलं डोकं, चेहरा सुजलेला, दोन्ही डोळे मिटलेले. हे माझंच लेकरू का, असं वाटून जातं. "सूज आहे बाई, उतरते," सिस्टर म्हणते.

उतरली. एका सकाळी त्याचा एक डोळा किलकिला झाला. मी वाकून हाका मारत होते. त्याने पलीकडे उभ्या बापाकडे पाहिलं आणि तो हसला.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? पण तुला सांगते, माय, त्या घडीला मला नवऱ्याचा हेवा वाटला.